जबड्यातली न दुखणारी गाठ

मा. संपादक, स. न.

दातांची कीड, हिरड्यांचे विकार आणि तोंडाचा कर्करोग यांविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ छापून येते. परंतु दात घडवणाऱ्या पेशींपासूनच जबड्याच्या हाडात वाढणाऱ्या गाठींचा उल्लेख क्वचितच आढळतो. यांतील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात आणि दीर्घकाळ दुखतही नाहीत. न दुखणारी सूज माणूस अंगावर काढतो, किंवा दाताला पू झाला असेल असे समजून प्रतिजैविकांच्या गोळ्या पुन्हा पुन्हा घेतल्या जातात.

यांपैकी ओडोन्टोमा या गाठीची गोष्ट तशी सोपी. मुलाचा कायमचा दात वेळ उलटूनही उगवत नाही, एक्स-रेमध्ये चिमुकल्या दातांसारखा पुंजका दिसतो आणि तो काढला की प्रश्न सहसा मिटतो. अमेलोब्लास्टोमाचे तसे नाही. ही गाठ सौम्य म्हणवते खरी, पण बहुधा खालच्या जबड्यात, दाढांच्या मागच्या भागात हाड पोखरत पसरते आणि नुसती खरवडून काढल्यास पुष्कळदा परत येते. म्हणूनच मोठ्या गाठीत भोवतालचे एक ते दोन सेंटिमीटर निरोगी दिसणारे हाडही काढावे लागते व जबडा पुन्हा उभारण्यासाठी पायातील फिब्युला हे हाड वापरले जाते. २०१४ मध्ये या गाठींत पेशींच्या वाढीशी संबंधित ब्राफ (BRAF) या जनुकातील बदल आढळल्यापासून निवडक रुग्णांसाठी औषधांचा पर्यायही अभ्यासला जात आहे.

खरी मेख निदानात आहे. हाडात अडकलेल्या अक्कलदाढेभोवतीची साधी पाण्याची पिशवी, केराटोसिस्ट (केराटिन साचलेली पिशवी) आणि एकाच पोकळीचा (युनिसिस्टिक) अमेलोब्लास्टोमा या तिन्ही गोष्टी ओपीजीमध्ये, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये, जवळजवळ सारख्याच दिसू शकतात. (केराटोसिस्टला जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये अर्बुदांत, म्हणजे पेशींच्या वाढीतून होणाऱ्या गाठींत, घातले आणि २०१७ मध्ये पुन्हा सिस्ट, म्हणजे पिशव्यांच्या गटात आणले, ती परत उद्भवण्याची खोड मात्र कायम आहे.) त्यामुळे केवळ चित्र पाहून नाव ठरवणे धोक्याचे असून, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी बायोप्सी व्हायला हवी आणि दाढेबरोबर निघालेली पिशवी कितीही किरकोळ वाटली, तरी ती टाकून न देता सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी पाठवायला हवी. तो अहवाल रुग्णाने मागून घ्यावा व जुन्या एक्स-रेंसह जपून ठेवावा, कारण अमेलोब्लास्टोमा दहा वर्षांनंतरही परतल्याची उदाहरणे आहेत आणि तोवर डॉक्टर बदललेले असू शकतात.

आपला,
एक वाचक