तळ्याकाठच्या त्या अनोळखी मंडळींचे आभार

धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात रविवारी आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांना तळ्यातले जीव दाखवणाऱ्या स्वयंसेवकांनो, गडबडीत तुमची नावं विचारायची राहिली, म्हणून हे जाहीर आभार.

पांढऱ्या ट्रेमध्ये गाळासकट पाणी ओतून ‘आता नुसतं बघत राहा’ म्हणणाऱ्या ताई, तुमचे विशेष. गाळ बसला आणि चतुराची (ड्रॅगनफ्लायची) अळी चालायला लागली. तिचा खालचा ओठ झटक्यात पुढे येऊन भक्ष्य धरतो, टाचणी नावाच्या त्याच्या सडपातळ भाऊबंदाच्या अळीला मागे पानांसारखे तीन कल्ले असतात, हे तुम्ही भिंगातून दाखवलंत. पाणविंचवाची शेपटी म्हणजे नांगी नव्हे, श्वास घ्यायची नळी, हे कळल्यावर आमची धाकटी तिथून हलेचना. (मला मात्र त्याचे पुढचे पाय बघून अजून शहारा येतो.)

टोपीवाले काका, दगडाखालचा वाणी किडा दाखवून झाल्यावर तो दगड पोरांकडूनच होता तसा ठेवून घेतलात, फार बरं केलंत. एकेकाळी इथे मुंबईचा कचरा पडायचा, हे त्यांना तुमच्याकडूनच कळलं. जीव पुन्हा पाण्यात सोडेपर्यंत ट्रेवर छत्री धरून उभ्या राहिलेल्या कॉलेजच्या मुलालाही धन्यवाद. पुढच्या खेपेला चहा आमच्याकडून.