जम्बोचे निदान नाक तरी ठेवायचे होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

22 एप्रिल 2024 रोजी एअर इंडियाच्या ‘आग्रा’ या जम्बो (बोईंग 747) विमानाने मुंबईहून शेवटचे उड्डाण केले आणि धावपट्टी सोडताच दोन्ही पंख आळीपाळीने झुकवून शहराचा निरोप घेतला, ती चित्रफीत आपल्या अनेक वाचकांनी पाहिली असेल. ‘खजुराहो’, ‘अजिंठा’ आणि ‘वेल्हा गोवा’ या उरलेल्या तीन जम्बोंसह ते अमेरिकेतील एका कंपनीला विकले गेले होते. काही विमानांनी पुढे माल वाहायचा आणि काहींचे सुटे भाग व्हायचे, असा तो व्यवहार होता.

विक्रीला माझा विरोध नाही. दोन इंजिनांची विमाने तेच अंतर कमी इंधनात कापू लागल्यावर चार इंजिनांचा हत्ती कोणती कंपनी पोसणार? मार्च 2021 मधल्या दिल्ली-मुंबई फेरीनंतर ही विमाने प्रवाशांसाठी उडालीच नव्हती, आणि नुसते उभे असलेले विमानही जागेचे भाडे व देखभाल मागतच राहते.

खंत आहे ती वेगळीच. ज्या मुंबईत 1971 च्या एप्रिलमध्ये ‘सम्राट अशोक’ हे एअर इंडियाचे पहिले जम्बो उतरले, ज्याच्या खिडक्यांभोवती राजवाड्यातल्यासारख्या महिरपी रंगवल्या होत्या आणि जे 1 जानेवारी 1978 च्या रात्री 213 जणांसह वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले, त्या मुंबईत या विमानांची एकही खूण जपण्याची तरतूद विक्रीच्या वेळी झाल्याचे माझ्या तरी वाचनात आले नाही. वुहानमध्ये अडकलेल्या 324 भारतीयांना 2020 मध्ये पहिल्या फेरीत आणले तेही जम्बोनेच.

सत्तर मीटर लांबीचे विमान मुंबईत ठेवणार कुठे, हा प्रश्न रास्त आहे. पण सगळे विमान कोण मागते आहे? वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जम्बोचा केवळ नाकाकडचा भाग भिंतीतून बाहेर आल्यासारखा बसवला आहे. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात तर जम्बोचा एक उभा काप मांडला आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने मात्र 2015 मध्ये अख्खे जम्बो एका संग्रहालयाला देऊन टाकले. तेवढे मोकळे मैदान त्यांच्यापाशी होते, हे मान्य.

आपल्याकडे जुने प्रवासी विमान जपले जाते ते बहुधा योगायोगाने. गोव्याच्या नौदल विमान संग्रहालयातले सुपर कॉन्स्टेलेशन हे पंख्यांचे जुने विमान मूळचे एअर इंडियाचे. जेट विमाने आल्यावर ते हवाई दलाकडे आणि नंतर नौदलाकडे गेले, म्हणून भंगारातून वाचले. उलट कोलकात्याच्या विमानतळावर एक बोईंग 737 सन 2012 पासून उभे होते आणि ते आपले आहे याचाच एअर इंडियाला विसर पडला होता. अखेर ते विकून 2025 मध्ये रस्त्याने बेंगळुरूला नेले, अभियंत्यांच्या प्रशिक्षणासाठी. विसरलेल्या विमानाचे तरी भाग्य उजळले म्हणायचे!

आता जम्बोंबद्दल हळहळून उपयोग नाही. पण 2012 मध्ये दाखल झालेली पहिली ड्रीमलायनर (बोईंग 787) विमाने आणि त्याआधीची बोईंग 777 हीसुद्धा कधीतरी याच वाटेने जाणार आहेत. त्यांच्या विक्रीच्या करारात, विमान सुटे करायचे झाल्यास नाकाकडचा भाग कॉकपिटसह परत द्यावा, अशी एक अट घालणे एअर इंडियाला जड जाऊ नये. जागेचा विचार नागरी विमान वाहतूक मंत्रालय आणि राज्य शासन यांनी मिळून करावा. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात ‘मरुत’ हे लढाऊ विमान आहेच. शिवाय नरिमन पॉइंटची एअर इंडिया इमारत 1601 कोटी रुपयांना राज्य शासनाला देण्यास केंद्राने 2024 मध्ये मान्यता दिली आहे. तिच्या तळमजल्यावर एक कॉकपिट सहज मावेल.

आपला,
एक नियमित वाचक
विलेपार्ले (पूर्व), मुंबई