जिल्ह्याची हद्द म्हणजे बाधित क्षेत्र नव्हे : मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
मदत व पुनर्वसन, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ७८ खाली राज्य सरकारला नियम करता येतात. त्या अधिकारात एक नियम करावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे. साथ आली तर जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या हद्दीवर माणसाला कोणी अडवायचे, कशासाठी, किती दिवस, आणि कोणाला मुळीच अडवायचे नाही, हे आजही एका जागी कुठे लिहिलेले नाही. २०२० च्या करोनात ते नव्हते याबद्दल कोणाला दोष देत नाही. त्यानंतर एवढी वर्षे गेली, केंद्राने २०२५ मध्ये या कायद्यात दुरुस्तीही केली, शहरांसाठी वेगळ्या प्राधिकरणांची सोय झाली. नाक्याचा प्रश्न होता तिथेच आहे.

मी सावंतवाडीत वकिली करतो. आमच्याकडून पणजी दीड तासावर आणि मंत्रालय रात्रभराच्या प्रवासावर. राज्याची सीमा इथे नकाशात बघावी लागत नाही, बांद्याच्या पुढे पत्रादेवीला ती रोज ओलांडली जाते. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्यातली पोरे गोव्यात कामाला आहेत आणि दुखणे बळावले की गाडी बांबोळीला, गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजला जाते. २०२० साली आमच्या जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते, तेव्हा जायचे तरी कुठे?

२३ मार्च २०२० ला मुख्यमंत्र्यांनी संचारबंदी जाहीर केली आणि जिल्ह्यांच्या सीमाही बंद केल्या. त्या आठवड्यात कोणी अनुच्छेद विचारत बसले नव्हते. आपल्या रुग्णालयात व्हेंटिलेटर किती, हाच हिशेब घराघरांत चालला होता. सीमा बंद ठेवून काहीच साधले नाही असेही मी म्हणणार नाही. गोव्यातले पहिले सातही रुग्ण १९ एप्रिलपर्यंत बरे झाले होते, आणि मेच्या मध्यापर्यंत तिथे नवा रुग्ण नव्हता. मग जूनमध्ये वास्कोच्या मांगोर हिलवर साथ पसरलीच. म्हणजे नाका बंद करून थोडे आठवडे पदरात पडतात. ते आठवडे वाया जाऊ नयेत आणि त्यांची किंमत सीमेलगतच्या लोकांनीच एकट्याने भरू नये, माझे म्हणणे इथून सुरू होते.

आधी कायदा बघू, कारण शासनाचे उत्तर तिथूनच येईल.

देशात कुठेही मोकळेपणे फिरण्याचा हक्क अनुच्छेद १९(१)(घ) मध्ये आहे. सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, पण ते कायद्याने. सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य राज्य सूचीत आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग पसरू न देणे हा विषय समवर्ती सूचीत २९व्या क्रमांकावर आहे. आणि आंतरराज्यीय स्थलांतर व आंतरराज्यीय क्वारंटाइन हे केंद्र सूचीत ८१व्या क्रमांकावर. ही वाटणी करणाऱ्यांनी दोन राज्यांमधला नाका त्यातल्या एकाच्या मर्जीवर सोडलेला नाही, हे ती वाचली तरी कळते. २०२० मध्ये मात्र ज्याच्या हातात बॅरिकेड त्याचाच कायदा, असे बऱ्याच ठिकाणी झाले.

राज्याच्या आतल्या सीमांचे काय? जिल्हा प्राधिकरणाचे अधिकार आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ३४ मध्ये आहेत. 'असुरक्षित किंवा बाधित क्षेत्रा'त येण्याजाण्यावर आणि वाहनांवर निर्बंध घालता येतात, असे ते कलम सांगते. शब्द आहे क्षेत्र. राज्याने १४ मार्च २०२० ला साथरोग कायद्याखाली जे विनियम काढले, त्यांतही रुग्ण सापडलेला भौगोलिक भाग बंद करण्याचाच अधिकार होता. रुग्ण सापडलेली वाडी, चाळ, वॉर्ड बंद करणे या चौकटीत चोख बसते. अख्ख्या जिल्ह्याची महसुली हद्द बंद करायची तर संपूर्ण जिल्हा असुरक्षित क्षेत्र आहे असे म्हणावे लागते. म्हणा, 'असुरक्षित' शब्द तेवढा ताणता येईलही. पण मग तसे कारणांसकट लेखी म्हटले पाहिजे, आणि कारण संपले की आदेशही संपला पाहिजे.

१८९७ चा साथरोग कायदा प्लेगच्या भीतीत घाईघाईने झाला, मुळात चारच कलमांचा. पुण्यात त्याच वर्षी प्लेगच्या नावाखाली काय घडले ते मराठी माणसाला सांगायला नको. तरीही प्रवाशांबद्दल त्या कायद्यात जे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे ते एवढेच : रेल्वेने किंवा अन्य मार्गाने जाणाऱ्यांची तपासणी करावी आणि संशयितांना वेगळे ठेवावे. निरोग्याला घरी परतू न देणे त्यात नाव घेऊन लिहिलेले नाही, ते 'आवश्यक त्या उपाययोजना' या मोघम शब्दांतून काढावे लागते. गोऱ्या सरकारने तपासणी लिहिली आणि आपण तिच्या जागी बंदी वाचली.

न्यायालयांनी वाट दाखवलेली होती. १० जानेवारी २०२० ला, म्हणजे लॉकडाऊनच्या अडीच महिने आधी, अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की निर्बंधाचे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत, ते प्रमाणात असले पाहिजेत आणि त्यांचा वेळोवेळी फेरविचार झाला पाहिजे. ते प्रकरण काश्मीरमधल्या इंटरनेटचे आणि १४४ कलमाचे होते, पण हे तत्त्व आमच्या जिल्ह्याच्या हद्दीवरच्या खारेपाटणच्या नाक्यालाही तेवढेच लागू पडते.

प्रमाण सुटले की काय होते ते कासरगोडने दाखवले. केरळचा हा जिल्हा मोठ्या उपचारांसाठी वर्षानुवर्षे कर्नाटकातल्या मंगळूरवर अवलंबून. मार्चअखेर कर्नाटकाने सीमेवरच्या रस्त्यांवर मातीचे ढीग टाकले, रुग्णवाहिका परत फिरल्या, वेळेत उपचार न मिळाल्याने माणसे गेली. १ एप्रिलला केरळ उच्च न्यायालयाने केंद्राला राष्ट्रीय महामार्गांवरचे अडथळे काढायला सांगितले. कर्नाटक सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे ७ एप्रिलला, ठरलेल्या पद्धतीने रुग्णांना तलपाडीच्या सीमानाक्यावरून जाऊ देण्यावर एकमत झाल्याचे सांगण्यात आले आणि प्रकरण निकाली निघाले. रुग्णांची वाट मोकळी झाली हे चांगलेच झाले. पण एका राज्याला दुसऱ्या राज्याचा रस्ता बुजवता येतो का, या प्रश्नावर निकाल लागायचा तो राहूनच गेला. कासरगोडच्या जागी दोडामार्ग किंवा चंदगड घाला आणि मंगळूरच्या जागी बांबोळी किंवा बेळगाव, चित्र तेच उरते. बांबोळीला गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावण्यावरून २०१८ मध्ये दोडामार्गात केवढे आंदोलन झाले होते, ते आपल्या विभागाच्या जुन्या फायलींत सापडेल. आमचे दवाखाने आणि आमची हद्द एका बाजूला नाहीत, ही गोष्ट साथीच्या आधीपासून शासनाला ठाऊक होती.

आता न्याय्यतेबद्दल. इथे मला गोव्यापेक्षा आपल्याच राज्याबद्दल जास्त बोलायचे आहे.

२०२० च्या गणपतीत चाकरमान्यांसाठी जे नियम झाले ते आठवा. एसटीने येणाऱ्याला ई-पास नको, स्वतःच्या गाडीने येणाऱ्याला हवा. १२ ऑगस्टपर्यंत आलात तर दहा दिवसांचे विलगीकरण, नंतर आलात तर आधी चाचणी. पुढे २० ऑगस्टपासून एसटीची आंतरजिल्हा वाहतूक सगळ्यांना खुली झाली, तीही पासाशिवाय. खासगी गाडीचा पास मात्र २ सप्टेंबरपर्यंत चालू होता. चाळीस आसनांच्या गाडीत अनोळखी माणसांबरोबर बसलात तर पासाची गरज नाही, बायको-मुलांसह घरच्या गाडीत बसलात तर आहे! विषाणूला हा फरक कळत असेल तर तो मंत्रालयात नोकरीला ठेवण्याच्या लायकीचा. त्यातही केंद्राचा आदेश २९ जुलैचाच होता : राज्यांतर्गत वा आंतरराज्य प्रवासावर बंधन नको, वेगळी परवानगी नको. २२ ऑगस्टला केंद्रीय गृह सचिवांना मुख्य सचिवांना पुन्हा पत्र लिहावे लागले. म्हणजे महिनाभर आपला ई-पास केंद्राच्या, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालच्याच, आदेशाच्या विरुद्ध चालला. त्या महिन्यात पासाविना पकडलेल्यांवर झालेली कारवाई कोणत्या आधारावर टिकते, ते आपल्या विधी विभागाला जरूर विचारा.

पास कोणाला मिळाला, हा आणखी वेगळा विषय. एप्रिल २०२० मध्ये एक बडे उद्योजक कुटुंब गाड्यांचा ताफा घेऊन खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोहोचले, गृह विभागातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पत्रावर. अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठवले, पुढे ते कामावर रुजूही झाले. महिन्याभराने, ८ मेच्या पहाटे, जालन्याहून भुसावळकडे रुळांच्या कडेने निघालेले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली चिरडले गेले. दोन्ही घटना एकाच राज्यातल्या, एकाच संचारबंदीतल्या. नियम लेखी नसला, नाकारण्याचे कारण द्यावे लागत नसले आणि अपील करायला जागा नसली, की परवानगी ओळखीवर मिळते. पास काढून देणारे एजंट त्या काळात उगाच उभे राहिले नाहीत.

गावपातळीवर तर आणखी मजा. आमच्या कोकणात काही ग्रामपंचायतींनी स्वतःचे क्वारंटाइनचे दिवस ठरवले, चाकरमान्यांना दंडाचे ठराव केले, वाटेवर झाडे तोडून टाकली. भीती खरी होती, घराघरांत म्हातारी माणसे होती. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या नावच्या सातबाऱ्यावर येणाऱ्या माणसाला गावाबाहेर ठेवायचा अधिकार ग्रामपंचायतीला कोणत्या कायद्याने दिला? तहसीलदारांनी बहुतेक ठिकाणी डोळेझाक केली, कारण त्यांच्याही हातात लेखी काही नव्हते.

पुढचे वर्ष गोव्याचे. मे २०२१ मध्ये बांबोळीला ऑक्सिजनअभावी माणसे जात असताना मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १० मेपासून राज्यात येणाऱ्यांना निगेटिव्ह अहवाल सक्तीचा केला. तेव्हाची गोव्याची अवस्था पाहता त्या आदेशाला नावे ठेवायला माझी जीभ वळत नाही. पण अहवालाची मुदत बहात्तर तासांची आणि आमच्या माणसाची ड्युटी रोजची. रोजंदारीवरच्या माणसाने तीन-तीन दिवसांनी चाचणी करायची, तर पैसे कोणी भरायचे? सीमा ओलांडायला अट घालणाऱ्याने अट पुरी करायची सोयही करावी, एवढे तरी त्याच्यावर बंधन हवे.

महाराष्ट्राने एकदा बरे उदाहरणही घालून दिले आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोव्याहून येणाऱ्यांसाठी नियम काढले, तेव्हा रस्त्याने येणाऱ्यांची सीमेवर लक्षणे तपासायची आणि लक्षणे असतील त्यालाच थांबवायचे असे ठरवले. रस्ता कोणी बुजवला नाही. तीच पद्धत पाया धरून नियम करता येईल.

त्या नियमात मला काय हवे ते सांगतो. हद्द बंद करायचा आदेश राज्य कार्यकारी समितीनेच काढावा, जिल्हाधिकाऱ्याने फक्त बाधित क्षेत्रापुरता. आदेशात कारणे आणि रुग्णसंख्या असावी, तो मराठीत नाक्यावर लावलेला असावा, आणि चौदा दिवसांनी नव्याने काढला नाही तर आपोआप संपावा. पास नाकारला तर एका ओळीचे का होईना कारण, आणि प्रांताधिकाऱ्यांकडे दोन दिवसांत अपील. रुग्ण, गर्भवती, त्यांच्यासोबतचे एक माणूस आणि मयतीला जाणारे जवळचे नातेवाईक यांना कोणत्याही आदेशात अडवता येणार नाही. आपल्या घरी परतणाऱ्याला तपासता येईल, विलग ठेवता येईल, पण परत पाठवता येणार नाही. ग्रामपंचायतीला प्रवेश रोखण्याचा ठराव करता येणार नाही, केल्यास तो तहसीलदाराने त्याच दिवशी रद्द करावा. रोज सीमा ओलांडणाऱ्या कामगारांना तालुक्याच्या रहिवासावर दीर्घ मुदतीचा पास मिळावा आणि चाचणी मोफत असावी.

यातली शेवटची आणि रुग्णांची बाब महाराष्ट्राला एकट्याने पुरी करता येणार नाही, हे मला कळते. गोवा आणि कर्नाटकाशी, तसेच किनवट-देगलूरच्या बाजूला तेलंगणाशी, लेखी करार लागतील. ते साथ नसताना करायचे असतात. पत्रादेवीला दोन्हीकडचे पोलीस समोरासमोर उभे असताना कलेक्टरांनी एकमेकांना फोन लावून जे ठरते, ते रात्रपाळीच्या हवालदारापर्यंत पोहोचत नाही.

कलम ७८ खालचा नियम विधिमंडळासमोर ठेवावा लागतो, त्यामुळे त्यावर चर्चाही होईल. मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केलात तर आमच्या बार असोसिएशनमध्ये त्यावर लिहायला उत्सुक असलेले पाच-सहा जण मी आजच सांगू शकतो. सिंधुदुर्ग, कोल्हापूर आणि नांदेडच्या जिल्हाधिकाऱ्यांकडून एवढीच माहिती आधी मागवा : २०२० आणि २०२१ मध्ये त्यांच्या आंतरराज्य नाक्यांवरून किती रुग्णवाहिका परत फिरवल्या गेल्या, आणि कोणाच्या लेखी आदेशाने.

कळावे,

आपला,
सावंतवाडीतील एक वकील