धबधब्याला निघण्याआधी

लाडक्या लेकीस,
अनेक आशीर्वाद.

मित्रमैत्रिणींबरोबर वर्षावनातला धबधबा बघायला जायचा बेत तू फोनवर सांगितलास, तेव्हा तुझा उत्साह नुसत्या आवाजातून कळत होता. पहाटे निघायचं, जंगलातून चालत जायचं, दुपार पाण्यापाशी घालवायची आणि अंधार पडायच्या आत परतायचं. जा, अगदी आनंदानं जा. तू घाईत होतीस म्हणून तेव्हा फार बोलले नाही, पण मनात आलेलं सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. म्हणून सविस्तर लिहितेय. निवांत बसून वाच.

धबधब्यापाशी गेलेली माणसं पाणी पडतं तिथे, डोहाकडे बघत राहतात. तू वरच्या अंगाला बघ. हे पाणी येतं कुठून, वर काय आहे, तिथे आत्ता पाऊस लागलाय का, याचा विचार मनात असू दे. धबधब्याचा सगळा डौल वरून येतो आणि धोकाही वरूनच येतो.

वाटेतलं जंगल भराभर उरकू नका. तुमच्यात झपाझप पुढे जाणारं कोणीतरी असेलच. त्यालाही सगळ्यात सावकाश चालणाऱ्याच्या मागे ठेवा. वर झाडांच्या शेंड्यांचं छत इतकं दाट असतं की जमिनीपर्यंत उन्हाचा शंभरातला एखाद-दोन भागच पोचतो. म्हणून भर दुपारीही खाली संध्याकाळ वाटते आणि खरी संध्याकाळ तर फार लवकर होते. परतीची वेळ ठरवताना हे लक्षात ठेवा. पावसाचंही तसंच. वर सर आली तरी थेंब खाली पोचायला काही मिनिटं लागतात आणि सर थांबल्यावरही झाडं बराच वेळ ठिबकत राहतात. खाली उभं राहून वरच्या पावसाचा अंदाज बांधणं कठीण, ते याच कारणानं.

वाटेत एखादं पान न तोडता नीट बघ. खूप झाडांच्या पानांचं टोक लांब, निमुळतं असतं. पाणी मधल्या शिरेवरून घरंगळत त्या टोकाशी येतं, थेंब फुगतो, लांबतो, सुटतो आणि पान हलकेच वर उसळतं. पानावर पाणी साचून राहिलं की बुरशी, शेवाळं धरायची भीती. या टोकामुळे ते लवकर निथळतं. अवाढव्य झाडांच्या बुंध्याशी भिंतीसारखी उभी पसरलेली मुळं दिसतील. तिथली माती बहुतेक ठिकाणी कसदार नसते. जो काही कस आहे तो वरच्या पातळ थरात, कुजणाऱ्या पाचोळ्यात. म्हणून मुळं खोल न जाता आडवी पसरतात. त्या मुळांवर नाचू नका, पायवाट सोडून पाचोळा तुडवू नका.

तोच पाचोळा आणि मुळांनी पोखरलेली भुसभुशीत माती पाऊस मुरवून घेते आणि हळूहळू सोडते. म्हणून पाऊस नसलेल्या दिवशीही धबधबा वाहता असतो. वरचं जंगल तोडलं की पाऊस आल्याआल्या ओढा गढूळ होऊन धावतो आणि उघडीप झाली की आटतो. झाडं नुसतं पाणी धरून ठेवतात असंही नाही, ती पाऊसही पाडतात. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सालाती यांनी 1970च्या दशकात पाण्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा, म्हणजे वजनात किंचित फरक असलेल्या त्याच्या अणूंचा, माग काढून दाखवलं की अॅमेझॉनच्या खोऱ्यातला निम्म्याच्या आसपास पाऊस जंगलानंच हवेत परत सोडलेल्या बाष्पाचा असतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा किती तरी वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं. तुझ्या अंगावर उडणारा एखादा तुषार आधी कितीदा कुठल्या पानांतून हवेत जाऊन आला असेल, कोण जाणे.

आता पाण्याविषयी, आणि इथे मी जरा कडक होणार आहे.

पुष्कळ धबधब्यांत वरचा कातळ कठीण आणि खालचा मऊ असतो. पाणी खालचा थर कोरत जातं, वरचा भाग अधांतरी राहतो आणि एक दिवस तुटून पडतो. नायगारा असाच गेल्या सुमारे 12,000 वर्षांत 11 किलोमीटर मागे सरकलाय. धबधब्याखाली पडलेले ते मोठाले दगड बघशील ना, ते सगळे वरून आलेले आहेत. म्हणून कड्याच्या अगदी पायथ्याशी, धारेच्या मागच्या कपारीत जाऊन फोटो काढायचा मोह टाळा. आणि धबधब्याच्या माथ्यावर, जिथून पाणी खाली झेपावतं तिथे तर पायही ठेवायचा नाही. तिथलं शेवाळ डोळ्यांना दिसत नाही, पायालाच कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

डोहात उडी मारायची नाही. पाणी निवळशंख असलं तरी खोली फसवी असते आणि मागच्या पावसात आलेला दगड किंवा ओंडका तळाशी पडलेला असू शकतो. धार पडते तिथल्या पांढऱ्या फेसापासून तर लांबच राहा. त्या पाण्यात इतकी हवा मिसळलेली असते की ते माणसाला नेहमीसारखं तरंगवत नाही, आणि खालचा प्रवाह माणसाला फिरवून पुन्हा धारेखाली ओढतो. तुला पोहता येतं, याचा मला अभिमान आहे. पण तू शिकलीस ते स्थिर पाण्यात.

वरून येणारा लोंढा हा सगळ्यात मोठा धोका. तुमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन असताना मैलभर वर ढग फुटलेला असू शकतो. पोचल्यावर पाण्याच्या कडेचा एक दगड हेरून ठेव, ज्याच्यावर पाणी कुठवर आलंय ते स्पष्ट दिसतं. मधूनमधून त्याच्याकडे बघत राहा. तू लहान असताना ओढ्याच्या काठाशी काडी रोवून पाणी वाढतंय का ते बघत बसायचीस, उठवलं तरी उठायची नाहीस. तसंच बघ. पाणी चढायला लागलं, नितळ पाणी गढूळलं, पानं आणि काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा आवाज घुमल्यासारखा जड झाला, तर वस्तू गोळा करत बसू नका. लगेच काठ सोडून उंचावर चढा. धावतं पाणी नुसतं 15 सेंटीमीटर असलं तरी धडधाकट माणसाचे पाय उचलतं. परतीच्या वाटेवरचा ओढा भरला असेल तर अलीकडेच थांबा. रात्र तिथे काढावी लागली तरी चालेल. मी रागावणार नाही, कोणाचेच आईवडील रागावणार नाहीत.

कोणी पाण्यात ओढलं गेलंच, तर मागोमाग उडी घालायची नाही. हे वाचायला निष्ठुर वाटेल, पण वाचवायला गेलेल्याचाच जीव जातो असं फार वेळा घडतं. काठी पुढे करा, दोर फेका, तरंगेल अशी बॅग किंवा रिकामा कॅन फेका. दोर आठवणीनं न्या.

हे सगळं एकटीला पाळणं सोपं आहे, घोळक्यात अवघड. दहा जण हसत हसत पुढे जात असताना "मी येत नाही, तुम्हीही जाऊ नका" असं म्हणायला फार बळ लागतं. ते तुझ्यात आहे, हे मी पाहिलंय. तुझ्याखेरीज आणखी कोणाला तरी आत जायचं नसतंच, फक्त कोणीतरी आधी बोलायची वाट बघत असतं. तू बोल.

युलियाने केप्के नावाच्या मुलीची गोष्ट तुला कधी सांगायची राहून गेली. 24 डिसेंबर 1971 रोजी तिचं विमान पेरूच्या वर्षावनावर वादळात कोसळलं. ती 17 वर्षांची होती. बरोबर तिची आई होती, ती वाचली नाही. युलियाने एकटी जंगलात जिवंत उरली. तिचे आईवडील दोघंही प्राणिशास्त्रज्ञ, त्यामुळे ती काही काळ जंगलातल्या संशोधन केंद्रावर राहिलेली होती. पाण्याच्या कडेनं खाली गेलं की माणसं भेटतात, हे वडिलांचं सांगणं तिला आठवलं. एक झरा सापडला, त्याच्या मागानं ती चालत राहिली आणि अकराव्या दिवशी लाकूडतोड्यांना सापडली. तुम्हाला मात्र मी उलटं सांगेन. तिचा ठावठिकाणा कोणालाच माहीत नव्हता, तुमचा मला माहीत असेल. वाट चुकली तर एकत्र राहा, जिथे आहात तिथेच थांबा आणि शिट्टी वाजवा. धबधब्यांच्या प्रदेशात ओढ्यामागे उतरत गेलं की पुढे कडा येतो.

जळवा लागल्या तर घाबरू नका. मीठ टाकायचं नाही, ओढायचंही नाही. तोंडाशी नख सरकवून कड सोडवा. रक्त थोडा वेळ वाहत राहील, कारण जळू रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते. जखम स्वच्छ धुवा. परतल्यावर आठ-पंधरा दिवसांत कोणालाही ताप आला, तर डॉक्टरांना ओढ्याच्या पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिस अशा पाण्यातून होतो आणि वेळेवर कळला तर बरा होतो.

निघायच्या आदल्या दिवशी बूट घासून धुवा आणि कडकडीत वाळवा. हे तुमच्यासाठी नाही, बेडकांसाठी. कायट्रिड नावाची बुरशी ओल्या चिखलातूनही एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाते आणि तिनं जगभरात बेडकांच्या कित्येक जाती संपवत आणल्यात. कोस्टा रिकातल्या मोंतेवेर्देच्या जंगलातला नारिंगी सोनेरी भेक 1989 नंतर कोणालाच दिसलेला नाही. पाण्यात साबण, शाम्पू तर न्यायचाच नाही. बेडकाची कातडी ते सगळं शोषून घेते.

कुठल्या वाटेनं जाणार, कोण कोण आहे आणि किती वाजेपर्यंत परत फिरणार, हे निघण्याआधी मला लिहून पाठव. फोनला रेंज आली की पहिला निरोप मला. आणि आल्यावर त्या लांब टोकाच्या पानाचा फोटो दाखव, धबधब्याचे तर तुझ्या मैत्रिणी काढतीलच.

तुझी,
आई