डाव्या कानाची तपासणी करून घे

पंढरपूर
रविवार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर बोलताना तू मध्येच "थांब, कान बदलतो" म्हणालास आणि माझ्या काळजात धस्स झालं. सहा महिने डावा कान जड आहे, आत शिट्टी वाजते, आणि तू नुसते थेंब घालतोयस! अरे, मी दोन वर्षं हेच केलं.

मलाही फोनवर आवाज यायचा, पण शब्द उमगायचे नाहीत. एकाने मळ काढला, दुसऱ्याने चक्करच्या गोळ्या दिल्या, तिसऱ्याने मानेला पट्टा बांधला. दोन्ही कान वेगवेगळे कुणीच तपासले नाहीत. शेवटी सोलापूरच्या एका डॉक्टरबाईंनी बंद खोलीत बसवून हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर आल्यावर कागद दाखवला. उजव्या कानाची रेघ वर सरळ, डाव्याची घसरगुंडीसारखी खाली गेलेली. "एकाच कानाचं ऐकणं असं उतरलं, की एमआरआय केल्याशिवाय मी सोडत नाही," म्हणाल्या. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन एमआरआय झाला आणि कानातून मेंदूकडे जाणाऱ्या तोलाच्या नसेवर १६ मिलिमीटरची गाठ दिसली. कॅन्सर नव्हे. अशा गाठी बहुधा वर्षाला एक-दोन मिलिमीटर वाढतात, काही तर वाढतच नाहीत.

पण ऐकून घरचे हादरले. एका ठिकाणी "उद्याच ऑपरेशन करू" म्हणाले. बाईंनी थांबवलं. लहान गाठीला घाई नसते, आधी सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय. वाढत असेल तर गामा नाईफ, म्हणजे चिरफाड न करता गाठीवर नेमकी किरणं सोडायची. मोठी होऊन मेंदूच्या देठाला रेटत असेल तर ऑपरेशन. चेहऱ्याची नस तिला चिकटूनच जाते, म्हणून सर्जनला आधी विचारायचं, "अशा किती केल्यात?" हे मला त्यांनीच शिकवलं.

माझी वाढली. मुंबईत हिंदुजा रुग्णालयात १९९७ पासून गामा नाईफ आहे, तिथे गेलो. डोक्याला चार स्क्रूंनी फ्रेम घट्ट बसवतात, तेवढाच त्रास. एकाच बैठकीत किरणं दिली, दुसऱ्या दिवशी घरी. गाठ आता थांबलीय. गेलेलं ऐकणं मात्र परत आलं नाही, आणि ती दोन वर्षं मला फार सलतात.

एक कान मंद झालेल्या बहुतेकांना गाठ नसतेच. तुलाही नसो. पण ते एमआरआयला सांगू दे. उद्याच ऑडिओमेट्री, म्हणजे ती हेडफोनची तपासणी, करून घे आणि कागदाचा फोटो मला पाठव. पैशांचं आपण बघू. जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारता येतं. सोलापूरला जायचं ठरलं की कळव, मी सकाळच्या एसटीने येतो.

वहिनींना नमस्कार, पिल्लांना पापा.

तुझा,
दत्ता