बाटलीत नदी मावत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडला, ही बातमी आम्हा शिरोळ तालुक्यातल्या लोकांना नवी राहिलेली नाही. पुढचंही सगळं ठरलेलं असतं. माणसं पोती घेऊन मासे गोळा करायला धावतात (ते कुठल्या बाजारात जातात, हे न विचारलेलं बरं), कुणीतरी निवेदन देतं, मग प्रदूषण नियंत्रण मंडळाची गाडी येते आणि बाटल्या भरून पाण्याचे नमुने जातात. अहवाल हाती येईपर्यंत ते पाणी नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळून पार कर्नाटकात पोचलेलं असतं. नमुने उशिरा घेतात ही ओरड नेहमीचीच आहे. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे माझी तक्रार जरा वेगळी आहे. नमुना वेळेवर घेतला तरी त्याला जे विचारलं जातं, त्यातून नदीची तब्येत कळत नाही.

बाटलीतून मुख्यतः बीओडी काढतात. पाणी 27 अंशांवर तीन दिवस ठेवायचं आणि त्यातल्या जिवाणूंनी घाण कुजवताना किती प्राणवायू खाल्ला ते मोजायचं. स्नानाच्या पाण्यात हा बीओडीचा आकडा लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आत हवा आणि विरघळलेला प्राणवायू निदान 5 मिलिग्रॅम हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2022 मध्ये देशातल्या नद्यांचे 311 प्रदूषित पट्टे जाहीर केले, त्यातले 55 आपल्या महाराष्ट्रातले. त्या पट्ट्यांची प्रतवारी बीओडीच्या याच एका आकड्यावर झाली. सांडपाणी प्रकल्प केवढा बांधायचा हे ठरवायला तो आकडा उत्तम आहे. पण नुसता ताप बघून माणसाच्या काळजाचं, किडनीचं, हाडांचं निदान कुठला डॉक्टर करतो?

साधी गोष्ट घ्या. उन्हाळ्यात बंधाऱ्यामागचं साठलेलं पाणी शेवाळाने हिरवंगार होतं. दिवसा हे शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, म्हणून सकाळी अकराला घेतलेल्या नमुन्यात प्राणवायू चांगला भरतो. रात्री मात्र तेच शेवाळ, मासे आणि गाळातले जिवाणू असे सगळे मिळून तो ओढतात. पहाटे पाचला पाण्यात काही उरत नाही, मासे तोंड वर काढून आ वासतात आणि उजाडायच्या आत उलटे होतात. त्यात दुपारच्या प्रकाशसंश्लेषणाने पाण्याचा सामू (पीएच) चढलेला असतो, आणि चढत्या सामूत मैलापाण्यातला अमोनिया अधिक विषारी रूप घेतो. कागदावर सामूही हद्दीत आणि अमोनियाही बेताचा. दोघांनी मिळून माशाच्या कल्ल्यांचं काय केलं, हा रकाना अहवालात नाही. बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढले की तळाचा कुजका गाळ ढवळतो आणि उरलासुरला प्राणवायू तो खातो, हे वेगळंच.

आता शिंपल्यांचं सांगतो, कारण माझ्या मते या विषयातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट तीच आहे. गोड्या पाण्यातल्या शिंपल्याचं पिल्लू थेट तळाशी वाढत नाही. ते आधी माशाच्या कल्ल्याला किंवा परांना चिकटतं, काही दिवस त्याच्या अंगावर काढतं आणि मग गळून गाळात रुजतं. म्हणजे ज्या माशांवर ते वाढतं ते मासे गेले की शिंपल्यांचा पाळणा हलायचा थांबतो. मोठे शिंपले मात्र वर्षानुवर्षं जगतात. कुणी डुबकी मारून ओंजळभर काढून दाखवले तर वाटेल, वा, नदी जिवंत आहे! बोटाच्या पेराएवढे शिंपले शोधा आणि मग बोला. एका भागात मी विद्यार्थ्यांबरोबर सलग काही वर्षं चाळणीने गाळ पाहिला. तळहाताएवढे म्हातारे शिंपले मिळाले, लहान एकही नाही. त्याच चाळणीत लालभडक अळ्या मात्र वळवळत होत्या. त्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखं हिमोग्लोबिन असतं, म्हणून जवळजवळ प्राणवायू नसलेल्या गाळातही त्यांचा संसार थाटात चालतो. मेफ्लाय या स्वच्छ पाण्यातल्या कीटकाची नाजूक कल्ल्यांची पिल्लं तिथे दिसेनात. कोळ्यांच्या जाळ्यात घाण पाण्यातही तग धरणारी चिलापी भरपूर, वाम क्वचित. हे सगळं एकत्र वाचलं की गेल्या काही वर्षांत नदीवर काय गुदरलं ते कळतं. बाटलीला फक्त ती बुडवली तो क्षण ठाऊक असतो.

यात माझं संशोधन काही नाही. कोलक्विट्झ आणि मारसन या जर्मन शास्त्रज्ञांनी 1908-09 मध्येच घाण सोसणाऱ्या आणि न सोसणाऱ्या जिवांच्या याद्या केल्या. अमेरिकेत रूथ पॅट्रिक यांनी 1948 मध्ये एकेका जिवाऐवजी प्रवाहातला सगळा गोतावळा मोजून दाखवला. आणि आपल्या केंद्रीय मंडळाकडेही तळाच्या जिवांवरून नदीचे स्वच्छ ते अतिप्रदूषित असे पाच वर्ग पाडायची पद्धत तयार आहे. मासे मेल्यावरच्या धावपळीत तिचं नाव कधी ऐकलंय का?

एक कबुली द्यायला हवी. कीटक नाहीत म्हणजे विषच असेल असं नाही. बंधाऱ्यांनी पंचगंगेची जवळपास तळ्यांची माळ केली आहे, आणि वाहत्या पाण्याशिवाय न जगणारे जीव स्वच्छ तळ्यातही टिकत नाहीत. वाळू उपसली, काठ खरवडला, तरी ते जातात. म्हणून शिरोळची तुलना राधानगरीच्या डोंगरातल्या भोगावतीशी करणं अन्यायाचं होईल. सपाटीच्या नदीला सपाटीचीच निरोगी नदी लावून पाहावी लागते. काम किचकट आहे. पण नुकसान सांडपाण्याने किती आणि अडवलेल्या पाण्याने किती, हे वेगळं काढायला याच्याहून सोपी वाट मला माहीत नाही, आणि ते वेगळं निघत नाही तोवर शहर कारखान्याकडे आणि कारखाना शहराकडे बोट दाखवत राहणार.

मागणी लहान आहे. प्रयाग चिखली, कोल्हापूर शहराखाली, इचलकरंजीखाली, तेरवाड आणि संगमाच्या अलीकडे अशा पाच जागा ठरवाव्यात. पावसाळा सोडून वर्षातून दोनदा तिथल्या तळाच्या जिवांची आणि माशांची मोजणी करावी आणि ती आपल्यासारख्या वृत्तपत्रांतून छापावी. उन्हाळ्यात प्राणवायू पहाटे मोजावा. चाळण, पांढरा ट्रे, भिंग आणि पहाटे पाचला नदीवर येणारा माणूस एवढंच लागतं. यातली शेवटची वस्तू दुर्मीळ आहे, मान्य. माझ्याकडे दोन जाळ्या आणि चार ट्रे अजून शाबूत आहेत. जवळच्या कुठल्या कॉलेजला हव्या असतील तर आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा.

आपला,
एक निवृत्त प्राणिशास्त्र प्राध्यापक,
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर