साक्षीदार शेजारच्या वस्तीतून यायला पाहिजे

मा. संपादक साहेब,

जय भीम, सलाम, जय सेवालाल, राम राम. आमच्या गटाची बैठक आम्ही आता अशीच सुरू करतो म्हणून पत्राचीही सुरुवात तशीच केली.

मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातली मातंग समाजाची बाई, बचत गटांचं काम बघते, सीआरपी म्हणतात आम्हाला. आई-बाप ऊसतोडीला जायचे, मीपण लहानपणी चार हंगाम फडावर काढलेत. पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहायले, चुका दुरुस्त करा पण मजकूर कापू नका एवढी विनंती.

दोन वर्षांमागं पावसाळ्यात आमच्या गावात एका विहिरीवरची मोटर चोरीला गेली. गावाबाहेर गायरानात फासेपारध्यांची चार पालं आहेत, पंधरा-वीस वर्षं झाली, लेकरं झेडपीच्या शाळेत जातात, तरी मोटर गेली की नाव त्यांचंच. रात्री अकराच्या सुमाराला माणसं गेली, पालं फाडली, दोन पेटवली, एका म्हातारीचा हात मोडला. आमची वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर. माझ्या सासूनं, मी, शेजारणीनं, सगळ्यांनी ओरडणं ऐकलं, जाळ बघितला आणि दारं लावून घेतली. हे लिहायला लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. सकाळी पोलीस आले तेव्हा आख्ख्या गावानं काहीच बघितलेलं नव्हतं, आम्हीसुद्धा.

बघितलं होतं ते बांगड्या विकणाऱ्या एका मुसलमान बाईनं. ती गावोगाव फिरते, त्या दिवशी पावसानं तिची शेवटची एसटी चुकली आणि ती त्या म्हातारीच्या पालात मुक्कामाला थांबली होती. म्हणाली, "मै देखी ना, तो मै बोलती." दुसऱ्या दिवशी ती म्हातारीसोबत पोलीस ठाण्याला गेली. तिथं आधी नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, लिहून घेत होते, म्हातारी रडत रडत अर्धं पारधी भाषेत अर्धं मराठीत सांगायची आणि लिहिणारा त्याला समजेल तेवढंच लिहायचा. ही बाई बांगड्यांची पेटी पायाशी घेऊन सकाळपासून चारपर्यंत बसून राहिली, उठलीच नाही, तेव्हा कुठं अट्रॉसिटीचा, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचाराच्या कायद्याखाली, गुन्हा नोंद झाला, तिचा जबाब घेतला आणि डीवायएसपी साहेबांकडं तपास गेला.

मग गावानं ठरवलं की तिच्याकडून कुणी बांगड्या भरायच्या नाहीत. दवंडी नाही, ठराव नाही, नुसतं ठरलं. पंचमी आठ दिवसांवर आलेली. आमच्याकडं पंचमीला माहेरी आलेल्या लेकी बांगड्या भरतात, वर्षाचा निम्मा धंदा तिचा तेवढ्या आठवड्यात होतो. ती आली आणि पेटी न उघडता परत गेली. मी दारातून बघत होते, आणि त्या रात्रीचं सगळं परत आठवलं. मी तिला हाक मारली. घरात पैसे नव्हते, गटाच्या बचतीतून उसने घेतले, आणि आमच्या गल्लीतल्या चौदा बायकांनी त्या दिवशी माझ्या ओसरीत बसून हिरव्या बांगड्या भरल्या. दुसऱ्या दिवशी बौद्ध वस्तीनं बोलावलं, तिसऱ्या दिवशी लमाणांच्या तांड्यावरून फोन आला. तांड्यावरच्या म्हाताऱ्या तर आपल्या पांढऱ्या बलोयांच्या खाली तिच्या दोन-दोन काचेच्या बांगड्या घालून बसल्या. आमची सुरुवात तिथून झाली साहेब, कुठल्या शिबिरातून नाही.

सामाजिक बहिष्कार हा आपल्या महाराष्ट्रात गुन्हा आहे, २०१६ चा कायदा आहे, ३ जुलै २०१७ पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हे आम्हाला नंतर कळलं. पण कायदा कळला असता तरी तिच्या बाजूनं सांगायला कुणी उभं राहिलं असतं का, खरा प्रश्न हा आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. मार खाणाऱ्याचा साक्षीदार त्याच्याच घरातला असला की वकील म्हणतो हा तर नात्यातला, आणि गावातला असला की तारखा वाढता वाढता फितूर होतो, कारण त्याचं शेत, त्याची मजुरी, त्याची उचल त्याच लोकांच्या हातात. शेजारच्या वस्तीतला, वेगळ्या जातीचा, वेगळ्या धर्माचा माणूस उठून म्हणाला की मी बघितलं, तर त्या केसला जीव येतो. एकजुटीच्या गोष्टी सगळेच करतात, पण दुसऱ्याच्या केसला साक्षीला गेल्याशिवाय ती एकजूट मी मानत नाही.

आणि मारणाऱ्याला आपले भेद कधी आडवे आले? १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा, ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, तेव्हा नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना मारलं, ते मातंग होते. तरी माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत म्हणायचे की नामांतर हे "त्यांचं", म्हणजे बौद्धांचं, आंदोलन. डिसेंबर २०२४ ला परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यावरून आंदोलन झालं, नंतर धरपकड झाली आणि त्यात पकडलेला कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला, तो वडार समाजाचा होता. आणि धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं, भिक्षा मागून खाणारी माणसं, आणि मारणारेही काही बंगल्यातले नव्हते, मोबाईलवरची अफवा खरी मानणारी बाजाराला आलेली आपल्यासारखीच माणसं. मला त्या घटनेची सगळ्यात जास्त भीती वाटते. ओळखच नसली की गरीबच गरिबाला मारतो.

फडावर मात्र ओळख असते. तिथं लमाण, मांग, महार, वंजारी सगळ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, शेजारी-शेजारी, एकीला कळा सुरू झाल्या की दुसरी कोयता टाकून पळत येते. गर्भाशयाची पिशवी काढलेल्या बायका कुठल्या एका जातीच्या नाहीत, २०१९ ला सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली त्यात १३ हजारांहून जास्त निघाल्या. सहा महिने आम्ही एकमेकींच्या असतो आणि गावाकडं परत आलो की बाबासाहेबांची १४ एप्रिल वेगळी, अण्णाभाऊंची १ ऑगस्ट वेगळी, सेवालाल महाराजांची १५ फेब्रुवारी वेगळी, एकमेकींच्या जयंतीला पाणी द्यायलासुद्धा जात नाही.

कायदापण आम्हाला वेगळं करतो. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत म्हणून त्यांच्या पालाला आग लावली तर अट्रॉसिटी लागते. तीच आग वडाराच्या किंवा लमाणाच्या झोपडीला लावली तर नाही, मुसलमानाच्या घराला लावली तरी नाही. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत, आमच्याकडं विमुक्त जातीत, म्हणजे जिल्हा बदलला की संरक्षण बदललं. १८७१ च्या इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मतःच चोर ठरवलेली माणसं ३१ ऑगस्ट १९५२ ला मुक्त झाली, पण गावाच्या मनातून अजून नाही. यासाठी ज्यांना संरक्षण आहे त्यांनी, म्हणजे आम्हीच, ज्यांना नाही त्यांच्यासाठी बोलायला पाहिजे.

आता आमच्यात काय चाललंय ते सांगते. चार वस्त्यांच्या बायका महिन्यातून एकदा बसतो, प्रत्येक वेळी वेगळ्या वस्तीत. पहिल्यांदा पालावर बसलो तेव्हा पारधी म्हातारीनं कोरा चहा केला आणि कप पुढं करताना विचारलं, आमच्या हातचं चालंल का? आमच्यातल्या दोघींनी कप घेतला आणि हातातच धरून ठेवला, प्यायल्या नाहीत. हे झालंय, लपवत नाही. चौथ्या बैठकीला त्या दोघी प्यायल्या. व्हॉट्सअपच्या ग्रुपवर आम्ही लिहीत नाही, आवाज पाठवतो, कारण निम्म्या जणींना वाचता येत नाही, गोरमाटीत, म्हणजे लमाणांच्या बोलीत, कुणी बोललं की तांड्यावरची पोरगी मराठीत सांगते, पारधी भाषेतलं शाळेतली पोरं सांगतात. ठाण्यात जबाब द्यायचा असला तर तीच पोरगी सोबत जाते. महिन्याला वीस रुपये प्रत्येकीचे, ते कोर्टाच्या गाडीभाड्याला. अट्रॉसिटीच्या केसमध्ये साक्षीदारालासुद्धा प्रवासखर्च आणि दिवसाचा भत्ता द्यायचा नियम १९९५ पासून आहे, आम्ही त्याचा अर्ज केलाय, अजून मिळालेला नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते घरातलं. एका बैठकीत बांगडीवाल्या ताईच म्हणाल्या की बाहेरचा मारतो तेव्हा सगळ्या येता, नवरा मारतो तेव्हा कुणी येत नाही. बराच वेळ कुणीच बोललं नाही. पालावर जातपंचायत बाईलाच दंड लावते, आमच्याकडं दारू पिऊन आलेला नवरा केसाला धरून बाहेर काढतो, आणि आपल्या समाजाची बदनामी नको म्हणून आपणच झाकतो. तेव्हापासून ठरलंय, बाईला मारलं तर तिच्या वस्तीतल्या दोघी आणि बाहेरच्या वस्तीतल्या दोघी अशा चौघी जणी जायचं. आपल्या समाजाचे लोक बाहेरच्या बायकांसमोर जरा तरी लाजतात हा आमचा अनुभव आहे. पुरुषांना हे आवडलेलं नाही, माझ्या घरीपण भांडण झालं, पण मी जाते.

तुमच्याकडं एक मागणी आहे. चोरीची बातमी छापताना आरोपीची जमात छापू नका. "पारधी टोळीचा धुमाकूळ" असं हेडिंग एखाद्या पेपरात येतं आणि रात्री आमच्या गायरानात पालं फाटतात. दुसऱ्या कुठल्याच जातीच्या चोराची जात हेडिंगमध्ये येत नाही. आणि कोणी दुसऱ्या समाजासाठी कोर्टात उभा राहिला तर त्याची चार ओळींची बातमी तरी लावा, त्याला गावात ताठ मानेनं चालता येतं.

आमच्या केसची पुढची तारीख ऐन पंचमीच्या आठवड्यात लागलीय. बांगडीवाल्या ताईंची साक्ष आहे, त्यांचा त्या दिवसाचा धंदा बुडणार म्हणून आदल्या दिवशीच चारही वस्त्यांत बांगड्या भरून घ्यायचं ठरलंय. तुमचा वार्ताहर कोर्टात आला तर बरं होईल.

आपली,
बचत गटातली एक वाचक, जि. बीड